फोकस लागला नाही

सत्यजीत रांजणगावच्या एका कारखान्यात परचेस मॅनेजर होता. परचेस मॅनेजर घरी आला, बूट काढले, हातपाय धुतले की त्याचा नवरा होतो असा अनुपमाचा समज होता. तो लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपर्यंत टिकला. त्या दिवाळीत त्यानं आकाशकंदिलासाठी तीन दुकानांतून कोटेशनं मागवली होती. कंदील घराला लागला तुळशीच्या लग्नाला. तेव्हा गेल्या जुलैत जेवताना तो "आपण एक चांगला कॅमेरा घेऊ" असं म्हणाला, त्या वेळी अनुपमानं वरणाची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि मनातल्या मनात कॅमेऱ्याला श्रद्धांजली वाहिली.

तसं कारण रास्त होतं. त्यांची धनश्री बारावीला होती आणि शिरूरच्या मंडळाकडून कबड्डी खेळायची. चढाईला गेली की समोरच्या पोरींना आपण कुठे बघावं ते कळायचं नाही. सामने आता मातीत होत नव्हते, हॉलमध्ये मॅटवर व्हायचे. हॉलमधला उजेड म्हणजे देवघरातल्या समईपेक्षा थोडा जास्त. मोबाईलवर काढलेल्या प्रत्येक फोटोत धनश्रीच्या जागी जांभळ्या रंगाचा एक ढग यायचा. सत्यजीतची आई झुंबरबाई फोटो डोळ्यांजवळ धरून विचारायची, "ही आपली धना हाय का कुणाचं लुगडं वाऱ्यानं उडालंय?"

दुसरं कारण प्रवासाचं. अनुपमा शिरूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. खडूनं फळ्यावर हिमालय काढून काढून तिचा हात दुखायला लागला होता, पण खरा हिमालय तिनं पाहिला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलला जायचं ठरलं होतं. तिथले डोंगरही त्याच कॅमेऱ्यात यायला हवे होते.

"एकच कॅमेरा, दोन कामं," सत्यजीत म्हणाला, आणि गोची तिथेच झाली.

ती गोची त्यानं पोळी आणि वाटीच्या साहाय्यानं समजावून सांगितली. हॉलमध्ये उजेड कमी आणि पोरी विजेसारख्या, म्हणून लेन्स मोठी हवी, भरपूर उजेड आत घेणारी. मोठी लेन्स म्हणजे जड. प्रवासाला जड चालत नाही. प्रवासाला खिशात मावणारा, लांबचा डोंगर जवळ आणणारा पाहिजे. तसा हलका घेतला, की तो हॉलमध्ये आंधळा.

"मग दोन घ्या," अनुपमा म्हणाली.

"दोन घेणं म्हणजे आपल्याला नक्की काय हवंय ते न कळणं," सत्यजीत म्हणाला. हे वाक्य तो कारखान्यातही म्हणत असणार.

झुंबरबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "येकच बैल पायजे, नांगराला बी आन् शर्यतीला बी. आसा बैल कुनाच्या दावणीला आसतो का?"

"असतो आई. शोधावा लागतो."

आणि त्यानं शोधायला घेतला.

आधी कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट तयार झालं. त्यात वजन होतं, लेन्सचं तोंड होतं, अंधारात फोटोवर दाणे किती येतात ते होतं, बॅटरी होती, आणि सर्व्हिस सेंटर शिरूरपासून किती लांब तेही होतं. मग यूट्यूबवरचे जाणकार घरात राहायला आले. एक केरळचा, एक कॅनडाचा आणि एक चिंचवडचा. सकाळी चहाला केरळचा असायचा, रात्री जेवायला कॅनडाचा. चिंचवडचा मराठीत बोलायचा म्हणून झुंबरबाईनं त्याला घरातलाच मानला होता. "त्या चिंचवडच्यानं काय सांगितलं आज?" असं ती रोज विचारायची. चिंचवडच्यानं रोज वेगळं सांगितलेलं असायचं. गणपती आले नि गेले, नवरात्र झालं. चिंचवडच्यानं जानेवारीत नवीन मॉडेल येणार असल्याची बातमी दिली आणि सत्यजीतच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. खरेदी पुढे ढकलायला सबळ कारण मिळण्यासारखं सुख परचेस खात्यात दुसरं नाही.

हिमाचलला ते कॅमेऱ्याशिवाय गेले. बर्फाचा पहिला डोंगर दिसला तेव्हा अनुपमाला रडूच आलं. ती फळ्यावर काढायची त्याच्याशी त्याचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. सत्यजीत शेजारी उभा राहून या डोंगराला कोणती लेन्स लागली असती ते सांगत होता. तो इतक्या अधिकारानं सांगत होता, की आजूबाजूच्या लोकांना तो फोटोग्राफर वाटला. राजकोटच्या एका कुटुंबानं आपला मोबाईल त्याच्या हातात दिला. मग इंदूरच्या एकानं. सत्यजीतनं तासभर परक्या माणसांचे फोटो काढले, त्यांना उजेडाकडे तोंड करायला लावलं, हनुवट्या खाली घ्यायला लावल्या. सत्यजीतच्या स्वतःच्या कुटुंबाचा फोटो राजकोटच्या आजोबांनी काढला. त्यात चौघांच्या माना आल्या, डोंगर आला नाही.

जानेवारीत नवीन मॉडेल आलं. घेण्याआधी एक शेवटचं मत हवं म्हणून सत्यजीत दौंडला विश्वजीतकडे गेला. विश्वजीत त्याचा मावसभाऊ. दौंडला त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, सत्कार, सगळं तो करायचा. अनुपमाही बरोबर होती. विश्वजीतनं चहा मागवला, स्टेटमेंट वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि दादाला स्वतःचा जुना कॅमेराच कसा योग्य पडेल ते सांगायला लागला. तो कॅमेरा त्यानं लगेच काढूनही दाखवला. त्याच्या पट्ट्यावर हळदीचे डाग होते.

"हा तर स्टेटमेंटमध्येच बसत नाही," सत्यजीत म्हणाला.

विश्वजीतचा चहा तिथेच कडू झाला. "घ्या मग नवीन. बघू आमच्या दौंडच्या हॉलमध्ये काय दिवे लावताय ते."

दोन दिवसांनी पुण्याला जाऊन कॅमेरा आणला. कॅमेरा हातात मावणारा होता, पण लेन्स पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याएवढी होती. कबड्डी आणि प्रवास यांच्या भांडणात कबड्डी जिंकली होती.

"प्रवासाला जड नाही का होणार?" अनुपमानं विचारलं.

"अंगाला सवय होते," सत्यजीत म्हणाला.

अंग कुणाचं ते पुढच्या रविवारी कळलं. प्रवासाची चाचणी म्हणून ते निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला गेले. वाऱ्यानं धूळ उडत होती, तेव्हा कॅमेरा बॅगेतून बाहेर काढणं धोक्याचं होतं. लेन्सच्या काळजीनं सत्यजीतला खडकावर पाय नीट टाकता येईना, म्हणून बॅग अनुपमाच्या खांद्यावर आली. खळगे तिनं मोबाईलवर टिपले. वर्गात दाखवायला तेवढे पुरले.

आणि मग दौंडची स्पर्धा आली.

मंडळाचे अध्यक्ष हौसराव हे शिरूरच्या बाजूचे जुने बागायतदार. सोसायटीत, बाजार समितीत, जिथे खुर्ची असेल तिथे ते बसलेले असायचे. कबड्डीतलं त्यांना एवढंच कळायचं की कप आपल्या कपाटात यायला पाहिजे. सत्यजीतच्या गळ्यातला तो वरवंटा बघून ते प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याच्या शर्टाला 'अधिकृत छायाचित्रकार' असा बिल्ला लावला. सत्यजीतनं बिल्ल्याचाही मोबाईलवर फोटो काढून घेतला.

न्हावऱ्याच्या रस्त्यानं, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत ते दौंडला पोचले. हॉल नवा होता. पत्र्याचं उंच छप्पर, खाली निळं-पिवळं मॅट, आणि वर दिवे असे, की उद्घाटनाच्या दिवशी मान्यवरांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये हाच त्यामागचा विचार असावा. काही दिवे लुकलुकत होते. सत्यजीत मॅटच्या कोपऱ्यात पालथा झोपला. कोपरं रोवली, डोळा लावला, आणि खाडखाड खाडखाड सुरू झालं. अनुपमा पाण्याची बाटली आणि लेन्सचं झाकण घेऊन मागे बसली. प्रवासातलं तिचं काम इथेही तिच्याकडेच होतं.

अंतिम सामना शिरूर आणि पाटसचा झाला. पाटसच्या पोरींना शिकवणारा मल्हारी कोळपे हा उंच, शांत माणूस. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. आता मेंढरं गेली, उसाचा तुकडा राहिला, आणि सकाळ-संध्याकाळ तो गावातल्या पोरींना कबड्डी शिकवायचा. त्याची मुलगी स्वप्नाली डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि घोटा धरण्यात पटाईत होती. धनश्रीला तिनं दोनदा अशी धरली की अनुपमाचे डोळे मिटले.

शेवटची चढाई उरली तेव्हा गुण बरोबरीत होते. धनश्री गेली. समोर सातही जणी उभ्या होत्या, म्हणजे बोनस मिळण्यासारखा होता. बोनसचा नियम साधा आहे. चढाई करणारीनं पुढच्या पायानं बोनस रेषा ओलांडायची, आणि त्या क्षणी तिचा मागचा पाय हवेत पाहिजे. मागच्या पायाचा अंगठा जरी मॅटला टेकलेला असला तरी गुण नाही. धनश्रीनं पाय आत घातला, स्वप्नालीनं सूर मारला, तिचा हात लागायच्या आत धनश्री निसटली आणि मध्यरेषेपार आली. पंचांनी अंगठा वर केला. बोनस. शिरूर एका गुणानं जिंकलं.

पाटसच्या पोरी पंचांभोवती गोळा झाल्या. मागचा पाय टेकला होता, त्या एकसुरात सांगत होत्या. पंचांनी मान हलवली. दिला तो दिला. इथे टीव्ही नव्हता, की रिप्ले नव्हता. हौसराव तोवर कपाच्या टेबलापाशी जाऊन उभेही राहिले होते.

कोपऱ्यात सत्यजीत उठून बसला होता आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघत होता. अनुपमानं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. एकामागून एक फोटो सरकत होते. कुणाची पाठ, पंचांचं पोट, लुकलुकणाऱ्या दिव्यांचे पट्टे, पुन्हा पाठ. मग एक आला आणि सत्यजीतचं बोट थांबलं.

पावसाळ्यापासून त्या घरानं ज्या फोटोसाठी कळ सोसली होती, तो हाच. धनश्रीचा पुढचा पाय रेषेपार, हात पसरलेले, ओठ घट्ट. तिच्या घोट्याकडे झेपावलेली स्वप्नाली हवेत आडवी, वेणी सरळ उभी, डोळे असे की बघणाऱ्यानं मागे सरावं. घामाचा थेंब न थेंब दिसत होता. आणि मागे, चित्राच्या कडेला, धनश्रीच्या मागच्या पायाचा अंगठा. मॅटवर दाबून टेकलेला. त्यावरचं अर्धं उडालेलं नेलपॉलिशसुद्धा दिसत होतं. त्याच्या आधीच्या फोटोत अंगठा टेकलेलाच होता. नंतरच्या फोटोत पुढचा पाय परत फिरला होता आणि अंगठा तिथेच होता.

तेवढ्यात मल्हारी आला.

"रामराम साहेब," तो म्हणाला. "पंचांचा निकाल पंचांपाशी. त्यो बदलायचा न्हाई, मला ठाव हाय. पर पोरी रडत्यात. तुमच्याकडं फोटू आसंल. पाय टेकला व्हता का न्हाई, येवढं दावलं तर बरं हुईल. टेकला नसंल तर मी त्यांला सांगंन, गप गाडीत बसा म्हनून."

सत्यजीतनं कॅमेरा बंद केला. पडदा काळा झाला.

"फोकस लागला नाही," तो म्हणाला.

मल्हारी तिथेच उभा राहिला, म्हणून सत्यजीतला पुढे बोलावं लागलं. "हॉलमध्ये उजेड फार कमी. असल्या उजेडात... नाही जमत या कॅमेऱ्याला."

"आसं व्हय. लय भारी हाय म्हनत व्हते सगळे."

"असतं तसं."

"व्हय," मल्हारी म्हणाला. त्यानं एकदा त्या लेन्सकडे बघितलं, एकदा अनुपमाकडे. अनुपमा बाटलीचं झाकण लावत होती. झाकण आधीच लागलेलं होतं. "बरं हाय साहेब. येतो."

हे संभाषण आणखी एका माणसानं ऐकलं. बक्षीस समारंभाचे फोटो काढायला विश्वजीत आला होता, हळदीच्या डागांच्या पट्ट्यासकट. 'नाही जमत या कॅमेऱ्याला' हे शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याच्या आयुष्यात त्या आठवड्यापुरता आनंद आला. दौंडहून ही बातमी शिरूरला सत्यजीतच्या गाडीआधी पोचली. उसाच्या ट्रॉल्या तिला आडव्या आल्या नाहीत.

नंतरचे दिवस सत्यजीतला कठीण गेले. कारखान्यात स्टोअरचा माणूस विचारायचा, "साहेब, कॅमेरा परत घेतात का हो ते?" सत्यजीत म्हणायचा, "उजेड कमी होता." घरी झुंबरबाई म्हणायची, "त्या चिंचवडच्याला जाब इचार." सत्यजीत तिलाही सांगायचा, उजेड कमी होता. आणि रोज संध्याकाळी, धनश्री सरावाला गेली की, तो लॅपटॉप उघडून तो फोटो बघत बसायचा. कधी स्वप्नालीची वेणी मोठी करून बघायचा, कधी घामाचा थेंब. अंगठ्याकडे तो जायचा नाही. अनुपमा स्वयंपाकघरातून बघायची. आयुष्यात एक गोष्ट त्यानं अचूक निवडली होती, आणि ती चुकीची निघाल्याचं गावभर त्यालाच सांगत फिरावं लागत होतं. तिला त्याची दया येत होती. हसूही येत होतं. आणि त्या दिवशी आपणही झाकणच घट्ट करत बसलो, हे आठवलं की दोन्ही थांबायचं.

एका संध्याकाळी धनश्री लवकर घरी आली. मोबाईलवर लावायला तिला स्वतःचा एखादा फोटो हवा होता. लॅपटॉपवर तिला 'रिजेक्टेड मटेरियल' नावाचा फोल्डर दिसला. त्यात तीनच फोटो होते.

सत्यजीत कारखान्यातून आला तेव्हा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता.

"बाबा, हा तर फोकसमध्ये आहे."

सत्यजीतनं बॅग खाली ठेवली. "पंचांचा निर्णय अंतिम असतो, धना."

"पंचांचं नाही विचारलं. तुम्ही म्हणालात फोकस लागला नाही."

"तुझ्यासाठीच म्हणालो."

धनश्रीनं अंगठा मोठा केला. आणखी मोठा केला. "मला खरंच वाटलं होतं पाय उचलला म्हणून," ती हळू म्हणाली. "शप्पथ. पोरी रडत होत्या तर मला राग आला होता त्यांचा." मग तिनं मान वर केली. "आई, तुला माहीत होतं?"

"होतं," अनुपमा म्हणाली.

धनश्रीनं कुणाला विचारलं नाही. ती आणि स्वप्नाली, दोघींची जिल्ह्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती, म्हणून नंबर तिच्याकडे होता. तिनं तिन्ही फोटो पाठवून दिले आणि खाली लिहिलं, 'तुझं बरोबर होतं.' मग फोन उपडा ठेवला आणि नखं खात बसली. सत्यजीत समोरच्या खुर्चीवर बसला. आता पाटसमध्ये काय होणार, मल्हारी काय म्हणणार, आपल्याला खोटारडा म्हणणार की भित्रा, यातलं कोणतं परवडेल याची तुलना त्याच्या डोक्यात चालू झाली असणार.

फोन वाजला. स्वप्नालीनं बोलून पाठवलं होतं.

"अगं, पाय टेकला व्हता ती मला तवाच ठाव हाय. तुझ्या पायापशीच व्हते की मी. त्यात काय. पर ह्यो फोटू कुनी काढला? माझा आसा फोटू जन्मात न्हाई निघाला. आजून हायत का? आसतील तर समदे धाड."

धनश्री हसली आणि मग रडली. झुंबरबाईनं तिला पाणी दिलं.

"पुन्हा लाव बरं," सत्यजीत म्हणाला.

धनश्रीनं लावलं. पायाचा भाग सरला.

"नाही, तो नाही. पुढचं. फोटो कुणी काढला म्हणते तिथून."

पुढच्या आठवड्यात स्वप्नाली जिल्ह्याच्या संघाची कर्णधार झाली आणि पाटसला हायवेच्या कडेला फ्लेक्स लागला. वर गावातल्या शुभेच्छुकांची मुंडकी रांगेनं होती, आणि मध्ये तो फोटो, दोन माणसांच्या उंचीचा. फ्लेक्स छापणाऱ्याला बोनसशी कर्तव्य नव्हतं, म्हणून त्यानं कडा कापल्या नव्हत्या. अंगठा नारळाएवढा झाला होता. सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीतल्या माणसालाही तो मॅटला टेकलेला कळत होता. खाली छापलं होतं, 'छायाचित्र : सत्यजीत साहेब, शिरूर'.

विश्वजीत खास मोटारसायकलनं पाटसला जाऊन तो बघून आला. त्यानं फ्लेक्सचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. दादाचं नाक कापावं असाच हेतू असणार, पण लोक फोटोच बघत राहिले. स्टोअरच्या माणसानं सत्यजीतला विचारलं, "साहेब, हा तुमच्याच कॅमेऱ्याचा? त्याच उजेडातला?"

संध्याकाळी हौसराव घरी आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात गाडीची किल्ली. झुंबरबाई पदर सावरून आत गेली. अनुपमानं चहा ठेवला आणि दारातच उभी राहिली.

"सत्यजीतराव," हौसराव म्हणाले, "आजकाल कॉम्प्युटरवर काय बी करता येतं. वाघाला दोन शेपट्या लावत्यात. तुम्ही काय येक करा. येवढंच म्हना, फोटो खरा न्हाई. त्या पाटसवाल्यांनी अंगठा मागनं चिकटवला. बाकीचं मी बघतो."

अनुपमाला वाटलं, आता सत्यजीत तसं म्हणणार. एकदा म्हणालाच होता, दुसऱ्यांदा जीभ सवयीनं वळते. शिवाय मंडळ, मुलीचा संघ, तो बिल्ला. सगळं पारडं त्या बाजूला जड होतं.

"आप्पा, फोटो माझा आहे," सत्यजीत म्हणाला.

"फोटो तुमचाच हाय वो. अंगठ्याचं म्हनतो मी."

"अंगठाही आमचाच आहे. धनाचा."

हौसरावांनी कप खाली ठेवला. "मग त्या दिवशी तुमीच म्हनला का, फोकस लागला न्हाई म्हनून?"

"खोटं बोललो," सत्यजीत म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम चढला. "फोकस लागला होता. अचूक लागला होता. त्या उजेडात, त्या वेगाला, एवढ्या किमतीत दुसऱ्या कुठल्याही कॅमेऱ्याला तो लागला नसता. माझ्याकडे कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट आहे. थांबा, दाखवतो."

तो खरोखरच उठला आणि आतल्या खोलीतून कागद घेऊन आला. हौसरावांनी आयुष्यात पुष्कळ माणसं वळवली होती. कुणाला जमिनीनं, कुणाला खुर्चीनं, कुणाला नुसत्या खांद्यावरच्या हातानं. पण अंधारात दाणे किती येतात याचा तक्ता समोर धरून बसलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

"म्हंजी आता कप परत द्यायचा का आमी?" त्यांनी विचारलं.

"ते मंडळानं ठरवावं," सत्यजीत म्हणाला.

आतून धनश्री बाहेर आली. "आप्पा, कप तुमच्या कपाटात कुलपात आहे. नाहीतर मीच देऊन आले असते."

हौसराव अर्धा चहा ठेवून गेले.

कप परत गेला नाही. पंचांचा निर्णय अंतिम असतो यावर मंडळाची श्रद्धा त्या महिन्यात अचानक फार वाढली. 'अधिकृत छायाचित्रकार' हा बिल्ला विश्वजीतकडे गेला. त्याच्या फोटोत हौसराव नेहमी मधोमध आणि पोरी कडेला यायच्या, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. धनश्रीला संघातून काढायचीही चर्चा झाली. मग चढाईला दुसरी कुणी नाही हे लक्षात आलं आणि तत्त्वाला तेवढी मुरड घालण्यात आली.

सत्यजीत त्या दिवशी खरेपणासाठी बोलला की कॅमेऱ्याच्या अब्रूसाठी, हे अनुपमानं त्याला विचारलं नाही. तिचा आपला एक अंदाज होता, आणि तो नवऱ्याच्या फारसा बाजूचा नव्हता. पण बोलला तो बोलला. एवढ्यावर ती त्या रात्री शांत झोपली.

दोन दिवसांनी मल्हारीचा फोन आला. सत्यजीत फोन घेऊन अंगणात गेला आणि बराच वेळ फेऱ्या मारत राहिला. आत येऊन म्हणाला, "माफी मागितली मी. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या, येत्या रविवारी पोरीला घेऊन या, तिचा मागचा पाय दुरुस्त करू."

रविवारी ते पाटसला गेले. मल्हारीच्या घरामागे मोकळ्या जागेत माती मऊ करून मैदान आखलेलं होतं. उजेड लख्ख होता, त्या उजेडात कुठलाही मोबाईल चालला असता. मल्हारीची आई बानूबाई खुर्ची घेऊन मधोमध येऊन बसली. नवं लुगडं नेसली होती. "माझा बी काढा नातीसारका," ती म्हणाली. सत्यजीतनं वरवंटा तिच्यावर रोखला. हलू नका असं सांगितल्यावर ती अशी थिजून बसली की पापणीही हलवेना, आणि सत्यजीतला तिला हसवण्यासाठी उड्या मारून दाखवाव्या लागल्या. तिला हसवणं काही जमलं नाही. फोटो मात्र तिला पसंत पडला. "आसंच पायजे," ती म्हणाली. "हसायला काय झालंय."

पलीकडे मल्हारी धनश्रीला पुन्हा पुन्हा रेषेवर पाठवत होता. "अंग पुढं टाकतीस, मंग पाय मागं चिकटतो. आदी कंबर उचल." स्वप्नाली तिच्या घोट्याशी बसून बघत होती आणि दरवेळी मातीत उमटलेला अंगठा बोटानं दाखवत होती. धनश्री चिडत होती, हसत होती, पुन्हा जात होती. अनुपमा बांधावर उसाचं कांडं सोलत बसली होती. आपल्या मुलीला इतक्यांदा चुकताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला ते बघायला आवडत होतं.

ऊन कलल्यावर चहा आला. सत्यजीतनं धूळ बसू नये म्हणून कॅमेरा बॅगेत घातला, बॅग गाडीत ठेवली, गाडी लॉक केली आणि मल्हारीशेजारी बाजेवर येऊन टेकला. त्यानं बशीत चहा ओतला. त्याच वेळी धनश्रीचा मागचा पाय उचलला गेला, चांगला वीतभर, आणि स्वप्नालीनं दोन्ही हात वर केले.